‘बाई? नगं ताई’ : ऊसतोडीच्या गावातल्या एका दुपारचं प्रकरण

प्रश्न साधाच आहे. उद्या सकाळी जाग आली आणि कळलं की आपण बाईचे पुरुष झालोय, किंवा पुरुषाची बाई झालोय, तर दिवसभर काय कराल? स्त्री-पुरुष समानतेच्या शिबिरांत हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो. मीही तो कॉलेजांत, बचतगटांच्या बैठकांत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात कितीदा तरी विचारला आहे. उत्तरं साधारण ठरलेली असतात. मुली म्हणतात रात्री गाडीवर एकटी फिरेन, टपरीवर चहा पिईन, घरी कुणाला न सांगता कुठंही जाईन. मुलगे आधी हसतात, एखादा मैत्रिणीची ओढणी डोक्यावर घेऊन मुरका मारतो, आणि मग जवळजवळ सगळे म्हणतात, नको. आम्ही फळ्यावर दोन रकाने भरतो, ‘बघा, बायकांचं जगणं किती अवघड आहे’ असं सांगतो आणि शिबिर संपतं.

एका दुपारी मात्र ते असं संपलं नाही. तिथं काय झालं आणि त्यानंतर मी काय बदललं, ते नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं. गावाचं, माणसांचं नाव मी घेणार नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून एकदोन बारकावे बदललेही आहेत. जून महिना होता. मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीवरून परत येऊन दीड-दोन महिने झाले होते, पेरणी पावसाची वाट बघत थांबलेली. माणसं घरी सापडतात ती याच दिवसांत.

ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढची उत्तरं कळणार नाहीत. तिथं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती कोयत्याला, आणि पैसे मोजून घेतो तो पुरुष. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या पट्ट्यात कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत संसार तिथंच. बहुतेक फडांत, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या रानांत, पुरुष ऊस तोडत पुढे जातो, बाई मागून तो गोळा करून मोळ्या बांधते. गाडी आली की दोघंही मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढतात, मग ती गाडी दुपारी येवो की रात्री एकला. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, तो टनावर. त्या टनात बाईचा किती आणि गड्याचा किती, हे मुकादमाच्या वहीत वेगळं लिहिलं जात नाही.

म्हणजे ही माणसं सहा महिने एकाच कामाला, एकाच ओळीत, एकमेकांपासून दहा हातांवर असतात. शहरातल्या नवऱ्याला बायकोचा दिवस दिसत नाही असं म्हणता येतं, इथं तसं म्हणायची सोय नाही. हे मला त्या दुपारच्या आधी सुचायला हवं होतं.

बायका विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात बसल्या, विसाएक असतील. गडी शाळेच्या व्हरांड्यात, पंधरा-सोळा. तिकडे माझा सहकारी होता, इकडे मी. ठरवलं असं की आधी वेगवेगळं बोलायचं, मग एकत्र बसून दोन्हीकडची उत्तरं वाचायची.

प्रश्न ऐकून बायका आधी मनसोक्त हसल्या. ‘आसं कुठं आसतंय व्हय ताई?’ मग एकीनं डोळे बारीक करून विचारलं, ‘आधी ह्ये सांगा, आमचे मालक बी तवाच उलटणार का?’

म्हटलं, उलटतील.

‘मग हाय मजा,’ ती म्हणाली, आणि तिथून बोलणं सुरू झालं.

पहिली म्हणाली, पारावर बसेन. बसून काय करणार, असं विचारलं. ‘काईच न्हाई. नुसती बसंन.’ दुसरी म्हणाली, उजाडल्यावर उठेन. तिसरी म्हणाली, बाजारला जाईन आणि आल्यावर पैशाचा हिशेब देणार नाही. एक पोरगी, लग्नाला दोन वर्षं झालेली, हळूच म्हणाली की मी माहेरी जाईन आणि मुक्काम किती ते मीच ठरवेन. पुरुष होऊन माहेरी? सगळ्या पुन्हा हसल्या. पण तिचा मुद्दा बरोबर होता. तिला पुरुषाचं घर नको होतं, पुरुषाची मुखत्यारी हवी होती.

मग मागच्या बाजूनं एक आवाज आला. ‘म्या पोटभर पाणी पिईन.’

मला आधी कळलंच नाही. बाकीच्यांना मात्र कळलं होतं, कारण हसणं एकदम थांबलं. फडात आडोसा नसतो. ऊस तोडत जाल तसा तो कमी होत जातो, उघडं रान मागे राहतं, आणि चारी बाजूंना टोळीतले, ट्रॅक्टरवाले, शेतमालकाची माणसं. गडी पाठ फिरवून कुठंही उभा राहतो. बाई अंधार पडायची वाट बघते. म्हणून दिवसभर पाणी बेतानं प्यायचं, तहान लागली तर नुसता घोट घेऊन तोंड ओलं करायचं. ती बाई सांगत होती की फेब्रुवारीच्या उन्हात समोर कॅन भरलेला असतो आणि मी त्याच्याकडे बघते. पुरुष झाल्यावर जग बघायचं, राज्य करायचं असलं काही तिच्या मनात नव्हतं. समोरच्या कॅनमधलं पाणी प्यायचं होतं.

तिच्या शेजारची, पस्तिशीच्या आतली, पदराशी चाळा करत म्हणाली, ‘माजी पिशवी काढून चार वर्सं झाली. आता मी आर्धी गडीच हाय की. पर भाकरी मीच थापती.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत होणारा त्रास, अंगावर काढलेली दुखणी, खाड्याची धास्ती आणि ‘काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगणारे दवाखाने, सगळं त्यामागे होतं. आकडा मी अनेक भाषणांत सांगितला आहे. ‘आर्धी गडी’ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तिच्या दृष्टीनं तिचा अदलाबदलीचा प्रयोग होऊन गेला होता. बाईपणातलं जे कामाच्या आड येतं तेवढं काढून घेतलं गेलं आणि पुरुषपणातलं काही तिला मिळालं नाही.

सगळ्यांनाच गडी व्हायचं होतं असं मात्र नाही. एक ठाम नको म्हणाली. ‘गडी झाले तर उचल माज्या नावावर येणार. मागल्या साली फिटली न्हाई तवा मुकादम यांना चार लोकांत काय काय बोलला. मान खाली घालून हुबे हुते. त्ये मला न्हाई सोसायचं.’ आणखी एक म्हणाली, लेकरू पोटाशी धरून झोपते ते सुख सोडून मला काही नको. खांबाला टेकून बसलेल्या आजीनं तर सगळा प्रश्नच निकालात काढला. तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या. पुढचा जन्म अस्तुरीचा देऊ नको म्हणून देवाला विनवणारी ओवी तिनं म्हणून दाखवली, आणि वर म्हणाली, ‘ह्ये काय तुमी नवं इचारलं नाई. आमी रोज पाटं इचारत हुतो.’

हे सगळं लिहून घेताना मी मनातून खूश होते. आता हे पुरुषांना वाचून दाखवू, त्यांचे डोळे उघडतील, असं वाटत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात काय झालं ते सहकाऱ्यानं नंतर सांगितलं. चार्टपेपरच्या पाठीवर त्यानं घेतलेली टिपणं अजून माझ्याकडे आहेत.

सुरुवात नेहमीसारखीच झाली. एकानं गमछाचा पदर केला, दुसऱ्यानं त्याला ‘ए वैने’ म्हणून हाक मारली, हशा झाला. आपल्याकडे पुरुषानं बाई होणं काही अनोळखी नाही. तमाशातला नाच्या सगळ्यांनी पाहिलेला असतो, सोंगांच्या रात्री लुगडं नेसणारा गावात एकतरी असतो, आणि संगीत नाटकाच्या काळात बालगंधर्वांचं नेसणं-माळणं घराघरांतल्या बायका उचलत होत्या. पण त्या खेळात पुरुष घेतो तो पदर, ती चाल, तो लटका राग. भाकरी थापणारी, मोळी वाहणारी बाई त्यात नसते. म्हणून खेळ संपला की पदर खाली ठेवता येतो.

खेळ संपल्यावर सहकाऱ्यानं पुन्हा विचारलं, मग व्हाल का बाई? एकामागून एक उत्तर आलं, ‘नगं.’ ‘न्हाई बा.’ ‘कशाला?’ इथं एरवी आम्ही पुढे सरकतो. त्या दिवशी त्यानं एकच जास्तीचा प्रश्न विचारला. नको का? चाळिशीचा एक गडी होता, सतरा-अठरा हंगाम केलेला. तो म्हणाला, का म्हणजे? आणि सांगू लागला. टिपणात जसं आहे तसं देते:

‘तीनला उठायचं. रातच्याला गाडी भरली असंल तर डोळा लागलेला तासभर. चूल पेटवायची, जळण वलं असलं की फुकून फुकून डोळे जातेत. दोन येळच्या भाकरी थापायच्या, लेकराचं बघायचं, उजाडायच्या आत फडात. म्या कितीबी जोरात तोडलं तरी तिला माझ्या मागंच ऱ्हावं लागतंय, मला थांबता येतंय, तिला येत न्हाई. वाकून वाकून कंबर गेली तिची, डाव्या अंगाला जास्त दुखती. पाळी आली तरी फडात, कापड बदलायला जागा कुठंय. पाणी पीत न्हाई, जावं लागू नये म्हणून. मग लघवीला आग हुती. मेडिकलातून गोळी मीच आणतो, पांढरी, मोठी. गाडी भरताना फळीवर चढती, धाकटा पोटात हुता तवाबी आठव्या महिन्यापर्यंत चढली. रातच्याला मी पडतो, ती भांडी घासती. एवढं कोण करंल? नगं.’

मधे कुणी त्याला अडवलं नाही. उलट एकदोघांनी भर घातली. एकानं सांगितलं, त्याची बायको पाण्याच्या हंड्यासाठी किती लांब जाते. दुसरा म्हणाला, दारू पिऊन आलो की तिला रात्रभर जागं राहावं लागतं. हे त्यानं मान खाली घालून सांगितलं.

एक पोरगा, अजून लग्न न झालेला, म्हणाला की मी होईन बाई, निदान लग्न तरी होईल. बाकीचे हसले, पण तो विनोद करत नव्हता. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. मला त्या पोराच्या उत्तराशी हा ८०७ चा आकडा जोडावाच लागतो. मुलगा हवा की मुलगी, हा तरी दुसरा कुठला प्रश्न आहे? आधीच्या पिढीनं त्याचं उत्तर सोनोग्राफीच्या खोलीत देऊन टाकलं होतं.

आणखी एकानं विचार करून सांगितलं, ‘बाई झालो तर एक बरं हुईल. रडता येईल.’ त्याच्या डोक्यावर दोन मुकादमांची उचल होती. देशात २०२१ मध्ये आत्महत्या केलेल्यांत बहात्तर टक्क्यांहून जास्त पुरुष होते. आकडे सांगताना आम्ही शिबिरवाले हा आकडा सहसा गाळतो, चर्चा भरकटेल म्हणून. ते चूक आहे. सभामंडपातली ती ‘नको’ म्हणणारी बाई आणि व्हरांड्यातला हा माणूस एकाच उचलीबद्दल बोलत होते.

साडेचारला सगळे सभामंडपात एकत्र बसले. बायकांची उत्तरं मी वाचली. पुरुष शांतपणे ऐकत होते, पण कुणाला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. पाण्याचं वाचलं तेव्हाही नाही. मग सहकाऱ्यानं कुणाचंही नाव न घेता पुरुषांची ‘नगं’मागची कारणं वाचली, वर दिलेलं बोलणं तर अक्षरशः.

मला वाटत होतं बायकांना बरं वाटेल. आपलं कष्ट कुणीतरी बघितलं, मोजलं, शब्दांत मांडलं, याचा आनंद होईल. पांढऱ्या गोळीचा उल्लेख आला तशी पाणी प्यायचं म्हणणारी बाई ताठ झाली. तो तिचाच नवरा होता, हे आम्हा दोघांनाही तोवर माहीत नव्हतं. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली:

‘म्हंजी समदं ठावं हाय.’

कुणी काही बोललं नाही.

‘मला वाटायचं यांना दिसतच न्हाई. ज्याला दिसत न्हाई त्याच्यावर राग तरी काय धरायचा, म्हणून गप बसत हुते.’

ती उठली, म्हशीला पाणी पाजायचंय म्हणाली आणि निघून गेली. तिच्या मागोमाग आणखी दोघी गेल्या. बैठक तिथंच संपली.

त्या वाक्यानं माझी कित्येक वर्षांची कामाची पद्धत खोटी पाडली. आमच्या सगळ्या शिबिरांच्या मुळाशी एक समजूत असते, की पुरुषांना माहीत नाही. माहीत करून दिलं, क्षणभर बाईच्या जागी उभं केलं, की माणूस बदलेल. पण त्यांचं ‘नको’ हाच तर त्यांना माहीत असल्याचा पुरावा आहे. ज्या जागेची कल्पना नाही ती जागा माणूस इतक्या चटकन आणि इतक्या ठामपणे नाकारत नाही. पगार, काम, तास नीट कळल्यावर नोकरी नाकारावी तसं ते नाकारतात. ती बाई इतकी वर्षं नवऱ्याला न दिसण्याची सूट देऊन राहत होती. आम्ही दुपारभरात ती सूट काढून घेतली आणि बदल्यात तिला काहीच दिलं नाही. याची टोचणी मला अजून आहे.

माहीत असण्यानं फारसं हलत नाही हे देशाच्या पातळीवरही दिसतं. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायकांची २८९ झाली, पुरुषांची ८८. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सत्तावीसच. मधल्या पाच वर्षांत टाळेबंदी येऊन गेली, पुरुष महिनोन्महिने घरात बसून होते. त्यांनी बघितलं नाही असं कोण म्हणेल?

बायकांच्या उत्तरांकडे मी नंतर पुन्हा बघितलं. पारावर बसणं, उजाडल्यावर उठणं, हिशेब न देणं, माहेरचा मुक्काम, पाणी. यातल्या एकाही गोष्टीला पुरुषाचं शरीर लागत नाही. पाण्याला आडोसा लागतो आणि मुक्कामाला परवानगीची गरज नसणं लागतं. त्यांनी मागितलेलं लिंग नव्हतंच, ती त्यांच्या दिवसातल्या तुटीची यादी होती. पुरुषांचं तसं नाही. त्यांना बाईपणातलं हवं होतं ते फक्त रडणं, आणि तेही एकानंच कबूल केलं. त्याचं कारण आपल्या बोलण्यातच आहे. मुलीला ‘पोरासारखी वाढवली’ म्हणणं कौतुक असतं, आणि मुलाला ‘बायल्या’ म्हणणं, ‘बांगड्या भर’ म्हणणं ही शिवी. बाई कल्पनेत पुरुष होते तेव्हा एक पायरी चढते. पुरुषाला उतरावं लागतं, आणि चारचौघांत उतरायची तयारी कुणाची नसते. म्हणून या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी मिळणारी उत्तरं एका तराजूत घालताच येत नाहीत, आणि फळ्यावरचे दोन रकाने शेजारी शेजारी असले तरी समान नसतात.

एक गोष्ट त्या दुपारी मला जवळजवळ दिसलीच नव्हती. एकत्र बैठकीच्या कडेला एक तरुण व्यक्ती उभी होती. तिनं दोन्हीकडे उत्तर दिलं नव्हतं. आम्ही सतरंज्या गुंडाळत असताना ती जवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, ‘ताई, त्या माजलगावच्या पोलिसाला किती दिवस लागले सगळं व्हायला?’ बीड जिल्ह्यात हे विचारायला नाव घ्यावं लागत नाही. माजलगावला महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या एका पोलिसानं रीतसर परवानगी मिळवून २०१८ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुरुष म्हणून नोकरी पुढे चालू ठेवली, हे जिल्ह्यातल्या पोराटोरांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये आपलं लिंग आपण सांगायचा हक्क मान्य केला, २०१९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, हे मी तिला सांगितलं, कुठं भेटायचं तेही सांगितलं. पण मनात एकच चाललं होतं. मी ज्याला गंमतीची कल्पना म्हणून सगळ्यांपुढे ठेवलं, त्यावर हशे पिकवू दिले, ते त्या माणसाचं रोजचं जगणं होतं, आणि गमछाचा पदर झाला तेव्हा ते तिथंच उभं होतं. त्यानंतर हा प्रश्न मी तोंडी विचारणं बंद केलं. कोऱ्या चिठ्ठ्या देते. नाव नाही, सोंग नाही, आणि सांगायचं नसेल तर चिठ्ठी कोरी टाकायची.

प्रश्नही बदलला आहे. दुसऱ्याच्या जागी गेलात तर काय कराल, हे विचारून झाल्यावर लगेच विचारते, यातलं काय या हंगामात, आहे त्या शरीरात होऊ शकतं? त्यासाठी कुणाला काय सोडावं लागेल? हा दुसरा प्रश्न पुरुषांना फार जड जातो. पहिल्याला हसून ‘नको’ म्हणून सुटता येतं, याला येत नाही.

पुढच्या जानेवारीत मी त्या टोळीच्या फडावर गेले, साताऱ्याच्या बाजूला. ऊस अर्ध्याहून जास्त तुटला होता, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधाला रचलेले. पाणी मागणारी ती बाई आणि गोळी आणणारा तिचा नवरा दोघंही भेटले. त्या दुपारनंतर ती त्याच्याशी आठ-दहा दिवस बोलली नव्हती, हे तिनंच सांगितलं. मग एका रात्री भांडण झालं, मोठं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. त्यातून एक ठरलं. पाळीच्या दिवसांत ती कोयता घेईल आणि तो मोळ्या बांधेल, फळीवरही तोच चढेल. तोडणीत निदान स्वतःच्या चालीनं थांबता येतं, हे त्यानंच शाळेच्या व्हरांड्यात सांगितलं होतं.

दोन महिने केलं. टोळीत त्याला ‘वैनी’ म्हणून हाका मारू लागले, ते त्यानं सोसलं. पण तिचा हात तोडणीला बसलेला नव्हता, टन कमी भरू लागलं, आणि मुकादमानं सरळ सांगितलं की असले खेळ गावाकडं करा. ते बंद पडलं. पैसा टनावर असताना दुसरं काय होणार होतं? फळीवर चढायचं मात्र त्यानं सोडलं नाही. त्या चार दिवसांत अजूनही तोच चढतो.

संध्याकाळी त्यांच्या कोपीपाशी बसले होते. मागच्या बाजूला वाढे आणि जुन्या साड्या बांधून केलेला आडोसा होता, खाली दोन फरशा टाकलेल्या. त्यानं बांधला होता. टोळीतल्या बाकीच्या बायकाही तिथंच यायच्या. तिनं मला चहा दिला, स्वतः हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि उभ्यानं संपवला, परत भरला, परत प्यायली. म्हटलं, बरं झालं की. ती म्हणाली, ‘हितं बरं हाय. फडात तसंच हाय अजून.’ फड रोज थोडा थोडा पुढे सरकत असतो आणि आडोसा कोपीपाशीच राहतो. म्हणून पाणी ती अजून संध्याकाळीच पिते.